ताई, किती तास लागतील?

सॅन फ्रान्सिस्को मुंबईपासून साधारण १३,५०० किलोमीटरवर आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी हा आकडा मला सांगता येईल. पण इतक्या वर्षांत त्याचा एकाही प्रवाशाला काडीचा उपयोग झालेला मी पाहिला नाही. लोक किलोमीटर विचारतात ते एसटीच्या सवयीने. पौड ते स्वारगेट इतकं अंतर, म्हणजे इतका वेळ, म्हणजे इतक्या वाजता घर सोडायचं. हाच हिशेब विमानाला लावायला गेलं की जाताना एक उत्तर येतं, येताना दुसरं, आणि तिकिटावर छापलेलं असतं तिसरंच.

मी पिरंगुटला तिकिटांचं छोटं ऑफिस चालवते. त्याआधी हिंजवडीतल्या एका कंपनीत ट्रॅव्हल डेस्कवर होते. हिंजवडी, माण, पिरंगुट, पौड हे सगळं एकाच मुळशी तालुक्यात येतं, हे हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत बसणाऱ्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. त्यांच्या लेखी मुळशी म्हणजे पावसाळ्यातली ताम्हिणीची सहल आणि धरणाकाठची भजी. माझं माहेर याच तालुक्यातलं. लहानपणी विमान ही अंगणातून मान वर करून बघायची वस्तू होती. ते कुठून आलं, कुठे चाललंय, असं कुणी विचारत नसे. आता माझ्यासमोरच्या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण तेवढंच विचारतो.

कंपनीतल्या माणसांना तास नको असायचे, सोय हवी असायची. सोमवारी सकाळी तिकडे मीटिंग आहे, रविवारी दुपारी मुलाचा वाढदिवस आहे, मधल्या वेळात बसव. पिरंगुटला आल्यावर माणसं बदलली. औद्योगिक वसाहतीतले इंजिनीअर जर्मनीला मशीन बघायला जातात, मुलीच्या बाळंतपणाला निघालेले आईवडील येतात, शिकायला निघालेली पोरं येतात. आणि जमिनीच्या पैशावर पहिल्यांदा परदेश बघायला निघालेले आमचे गावकरीही येतात, ज्यांना अख्खा पुणे जिल्हा गुंठामंत्री म्हणून चिडवतो. त्यांचा प्रश्न सगळ्यांत सरळ. "पुण्यातनं डायरेक्ट हाय का?" दुबईला असतं, बँकॉकला असतं. असं म्हटलं की पुढचा प्रश्न बॅगेच्या वजनाचा. किती तास, हे त्यांनी मला कधी विचारलेलं नाही.

बाकीच्यांसाठी मी टेबलावर पृथ्वीचा गोल ठेवलाय. अप्पा बळवंत चौकातून आणलेला, शाळेत असतो तसला. त्याच्या बुडाला लोकरीचा धागा गुंडाळून ठेवलेला असतो. भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात पट्टी ठेवली की रेघ अरबस्तानावरून, उत्तर आफ्रिकेवरून, अटलांटिकवरून जाते, आणि लोकांना वाटतं विमान असंच जात असणार. गोलावर एक टोक मुंबईवर दाबून धरायचं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि धागा ताणायचा. तो आपोआप सरकत सरकत काराकोरमच्या डोक्यावरून मध्य आशियात शिरतो, सायबेरिया ओलांडतो, उत्तर ध्रुवाच्या अलीकडून, आर्क्टिक समुद्रावरून वळसा घेतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. हे पहिल्यांदा पाहणारा माणूस धागा पुन्हा स्वतःच्या हाताने ताणून बघतोच. १३,५०० हा आकडा त्या ताणलेल्या धाग्याचा. त्यापेक्षा जवळची वाट पृथ्वीवर नाही.

पण विमान धाग्यावरून जात नाही. काराकोरम आणि तिबेटवरून प्रवासी विमानं शक्यतो जातच नाहीत, कारण केबिनमधला हवेचा दाब गेला तर पायलटला विमान भराभर दहा हजार फुटांपर्यंत खाली आणावं लागतं, आणि तिथे त्या उंचीवर हवेच्या जागी डोंगर आहेत. म्हणजे वाट सुरुवातीलाच वाकडी झाली. पुढे देश लागतात, आणि प्रत्येक देशाचं आकाश त्याच्या मालकीचं असतं.

हे मी लंडनच्या धाग्यावर दाखवते, कारण ते जास्त पटकन कळतं. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर. धागा ताणा: अरबी समुद्र, बलुचिस्तानचा किनारा, इराण, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन, मग पोलंड-जर्मनी करत लंडन. वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत आपलं आकाश बंद ठेवलं होतं; पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला ते भारतीय विमानांना पुन्हा बंद केलं. जून २०२५ मध्ये इराणवरचा रस्ता एका रात्रीत बंद झाला आणि मुंबईहून लंडनला निघालेलं विमान अर्ध्यातून मुंबईला परत आलं. त्याच महिन्यात एका रात्री कतारसह आखातातल्या काही देशांनी काही तासांसाठी आकाश बंद केलं. त्या रात्री माझा फोन पहाटेपर्यंत चालू होता. दोहामार्गे जाणारी माझी माणसं कुठे कुठे अडकली होती आणि प्रत्येकाच्या घरून एकच प्रश्न येत होता. मला तरी काय माहीत असणार? मी आपली स्क्रीनकडे बघत बसले.

सॅन फ्रान्सिस्कोचं असंच. मुंबईहून तिकडे थेट विमान एअर इंडियाने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलं तेव्हा इकडच्या लोकांना केवढा आनंद झाला होता! रशियाच्या आकाशात अमेरिकी कंपन्यांना बंदी, एअर इंडियाला मोकळीक, त्यामुळे उत्तरेची वाट आपल्याला खुली राहिली. त्या वाटेचं दुसरं टोकही लगेच कळलं. ६ जून २०२३ ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनाच्या तक्रारीमुळे रशियाच्या पार पूर्वेला मगादानला उतरवावं लागलं आणि प्रवाशांना न्यायला दुसरं विमान पाठवावं लागलं. तोवर मगादान हे नाव माझ्या ऑफिसात कुणी उच्चारलं नव्हतं. त्यानंतर काही दिवस सगळे गोलावर तेच शोधत होते. २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश बंद झाल्यावर सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला येणारं विमान कोलकात्याला उतरून येऊ लागलं. एका मावशींचा लेकीकडून परत येताना रात्री फोन. "अगं, आम्ही कलकत्त्यात आहोत. इथं काय काम आहे आमचं?" तेल आणि पाकिस्तान, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला. मला वाटतं त्यांना खुलासा पटला नव्हता, फक्त झोप आली होती.

आता वारा. हा माझा आवडता विषय आहे, कारण शहरातल्या लोकांना तो समजावून सांगावा लागतो आणि आमच्या शेतकऱ्यांना नाही. विमान ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास जातं, पण ते हवेतून. जमिनीवरून किती जातं हे हवा कुठे चालली आहे त्यावर. तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वाऱ्याचा पट्टा असतो, जेट स्ट्रीम. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा त्याचा रोजचा वेग, हिवाळ्यात त्याहून पुष्कळ जास्त. १९२० च्या दशकात जपानमध्ये वासाबुरो ओइशी नावाच्या शास्त्रज्ञाने फुगे सोडून सोडून हा वारा मोजला आणि जगाला कळावं म्हणून निष्कर्ष एस्पेरांतो भाषेत छापले. साहजिकच ते जगात फारसे कुणी वाचले नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्याही आत पोचलं. एरवी त्याला सहा-साडेसहा तास लागतात. विमान तेच, अंतर तेच.

म्हणून मुंबई ते लंडन जाताना साडेनऊ-दहा तास आणि येताना त्याहून तासभर कमी. कोळवण खोऱ्यातले एक काका मुलाकडे लंडनला निघाले होते. त्यांना मी हे सांगायला लागले तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. "म्हंजी जाताना चढ, येताना उतार. एवढंच ना?" एवढंच. मी त्यानंतर माझं भाषण बंद केलं आणि सगळ्यांना काकांचंच वाक्य ऐकवायला लागले.

चढ-उताराच्या या हिशेबातून एक गोष्ट अशी निघते की ती सांगितल्यावर लोक माझ्याकडे संशयाने बघतात. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केलं. आधी ते पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. वाट वाढून १५,३०० किलोमीटर झाली आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी झाला, साडेचौदा तासांवर आला. चौदाशे किलोमीटर जास्त जाऊन दोन तास लवकर! वारा पाठीशी होता. किलोमीटर विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. त्यावर एकाने मला विचारलं होतं, "मग तिकीट जास्त किलोमीटरचं लावतात का कमी?" प्रश्न चुकीचा नव्हता. तिकिटाच्या भावाचा किलोमीटरशी संबंध इतका थोडा आहे की तो मी समजावायच्या भानगडीत पडत नाही. मुंबईहून दिल्लीला दिवाळीच्या आदल्या दिवशी जाणं कधी कधी आडदिवशी दुबईला जाण्यापेक्षा महाग पडतं.

जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्याबरोबरच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला उत्तर ध्रुवावरून विमान आणलं. सरळ अंतर जवळजवळ १४,००० किलोमीटर. तेव्हा मी हिंजवडीत होते. बातमी आली त्या दिवशी कॅन्टीनमध्ये आमच्या डेस्कवरच्या मुलींनी वडापावाची पार्टी केली. आमचा त्या उड्डाणाशी काही संबंध नव्हता, पण तिकिटं काढणाऱ्या आम्ही सगळ्या बायका होतो आणि रोज ज्यांची तिकिटं काढायचो त्यातले बहुतेक पुरुष होते.

तिकिटावर छापलेल्या वेळेबद्दल एक गोष्ट नेहमीच्या प्रवाशांनाही माहीत नसते. ती वेळ आकाशातली नसते. विमान दारापासून मागे ढकललं गेल्यापासून पलीकडच्या विमानतळावर दाराशी थांबून चाकांना अडसर लागेपर्यंतची ती वेळ. त्यात धावपट्टीकडे रांगेत सरकणं आलं, उतरण्याआधी घिरट्या घालणं आलं. कंपन्या त्यात थोडी जास्तीची वेळ धरूनच ठेवतात, म्हणजे उशीर झाला तरी वेळेवर पोचल्यासारखं दिसतं. मुंबईत ही जास्तीची वेळ फुकट जात नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकच वापरता येते. पावसाळ्याआधी आणि नंतर दुरुस्तीसाठी दोन्ही काही तास बंद ठेवतात. सोळा तास उडून आलेलं विमान अर्धा तास मुंबईच्या माथ्यावर गोल गोल फिरतं तेव्हा आतल्या माणसाला अमेरिकेपेक्षा विलेपार्ले लांब वाटतं.

पण लोकांना खरा गोंधळात टाकतो तो घड्याळाचा काटा. मुंबईहून दुपारी २ ला निघून, सोळा तास उडून, सॅन फ्रान्सिस्कोला त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला उतरायचं, असं उन्हाळ्यातलं तिकीट असायचं. ते हातात घेतलं की पहिल्यांदा जाणारे आईवडील एकमेकांकडे बघायचे. साडेतीन तासांत? आपल्याला तर पिरंगुटहून मुंबईला जायलाच इतके लागतात. मग परतीचा कागद बघायचा: रात्री ८ ला निघाले, सतरा तास प्रवास, आणि मुंबईला उतरायची तारीख दोन दिवस पुढची. जाताना दिवस फुकट मिळतो आणि येताना तो वसूल होतो. उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक, हिवाळ्यात साडेतेरा, कारण तिकडे मार्चमध्ये घड्याळं पुढे करतात आणि नोव्हेंबरमध्ये मागे. मी घरच्या भिंतीवर लावायला एक कागद लिहून देते: नातवाला फोन करायचा तर आपल्या सकाळी कधी, संध्याकाळी कधी. तो कागद तिकिटापेक्षा जास्त दिवस टिकतो असा माझा अनुभव आहे.

एका मावशींचं जायचं तिकीट नेमकं संकष्टीला आलं. जून महिना. त्या अंगारकी-संकष्टी सोडणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी मला विचारलं, "चंद्रोदय कुठला धरायचा गं?" पंचांगात पुण्याचा चंद्रोदय असतो, मुंबईचा असतो, नागपूरचाही असतो, आर्क्टिकवरचा नसतो. मी प्रामाणिकपणे सांगितलं की विमान उत्तरेच्या वाटेने गेलं तर तुम्हाला रात्रच दिसणार नाही, तिकडे जूनमध्ये सूर्य मावळत नाही. आणि तिकडे पोचून चंद्राची वाट बघायची म्हटलं तर उपास पार चोवीस तासांच्या पलीकडे जाईल. त्यांनी थोडा विचार केला. मनगटावरचं घड्याळ दाखवून म्हणाल्या, "हे मी बदलायचंच नाही. यात पुण्याचा चंद्रोदय झाला की मी जेवेन. गणपतीला काय ठाऊक नाही का मी कुठे आहे ते?" मी त्यांच्या तिकिटात आशियाई शाकाहारी जेवण टाकलं, त्याला चार अक्षरी कोड असतो, आणि पर्समध्ये राजगिऱ्याचे लाडू ठेवा म्हणून सांगितलं, कारण विमानातलं जेवण कुणाच्या चंद्रोदयाला थांबत नाही.

याच मावशींची गोळ्यांची यादीही मोठी होती. गोळी इथल्या वेळेने घ्यायची की तिथल्या, हा प्रश्न मला हमखास येतो. त्याचं उत्तर मी देत नाही. डॉक्टरांकडे तिकिटाची झेरॉक्स घेऊन जा, त्यावर त्यांच्याकडूनच वेळा लिहून घ्या, एवढंच सांगते. मधुमेहाचं इंजेक्शन असेल तर दोनदा सांगते.

व्हीलचेअरबद्दल थोडं बोलायला हवं, कारण त्यावर शहरातली मंडळी नाक मुरडतात. रोज शेतावर चालणारे, गड चढणारे आईवडील विमानतळावर व्हीलचेअर मागतात हे खरं आहे. मीच मागायला सांगते. त्यांचे पाय दुखत नाहीत. त्यांना फ्रँकफर्टच्या लांबलचक विमानतळावर कुठे वळायचं ते कळत नाही आणि विचारायला भाषा नाही. खुर्ची ढकलणारा माणूस सोबत आला की गेट चुकत नाही. ज्यांना खरोखर चालता येत नाही त्यांची खुर्ची यामुळे उशिरा येते, हाही आक्षेप खरा आहे, आणि तो मला टोचतो. तरीही मी मागायला सांगतेच. माझ्यासमोर बसलेली बाई मला दिसते. दुसरी दिसत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्या वयस्क माणसांना मी शक्यतो थेट विमान देते, महाग असलं तरी. मुलं फोनवर वाद घालतात. मधे दुबईला थांबलं तर वीस-पंचवीस हजार वाचतात, पाय मोकळे होतात, वगैरे. पाय मोकळे होतात हे बरोबर. पण दोन तासांच्या थांब्यात सुरक्षा तपासणीची रांग, लांबचं गेट आणि 'आपलं विमान सुटलं तर' ही धाकधूक हे सोळा तास बसण्यापेक्षा जड जातं, असं मी परत आलेल्यांकडून पुन्हा पुन्हा ऐकलंय. अमेरिकेत आतल्या शहरात जायचं असेल तर पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन, तिथेच बॅगा ताब्यात घ्यायच्या आणि पुन्हा द्यायच्या. संगणक तिथे दीड तासाचं जोडविमान बिनदिक्कत दाखवतो, कारण नियमाप्रमाणे तेवढा वेळ पुरतो. नियम करणाऱ्याने आमच्या पौडच्या आजींना बॅगेच्या पट्ट्यासमोर उभं असलेलं पाहिलेलं नसतं. साडेतीन तासांखाली मी ते तिकीट काढत नाही.

थांबे नकोसे वाटणं हेही तसं अलीकडचंच. एअर इंडियाचं लंडनला जाणारं पहिलं विमान, मलबार प्रिन्सेस, ८ जून १९४८ ला मुंबईहून सुटलं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत थांबत गेलं. ती कंपनी टाटांची. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपालाचं विमान स्वतः चालवत आणलं, तिथून तिची सुरुवात. आमच्या तालुक्यात टाटा हे नाव त्याआधीपासून माहीत होतं, पण विमानासाठी नाही. मुळशीच्या धरणात गावं गेली, १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तेव्हाच्या आठवणी काही घरांत अजून आहेत. धरणाखाली जमीन गेलेल्या घरातली नात एअर इंडियाच्या तिकिटाने शिकायला कॅनडाला गेली, तिचं तिकीट मीच काढलं. तिच्या आजोबांनी तिकिटावरचं नाव वाचलं, टाटा दिसलं नाही, आणि त्यांना समाधान वाटलं. मी त्यांना २०२२ मध्ये ती कंपनी पुन्हा टाटांकडे गेल्याचं सांगितलं नाही.

पौडच्या पुढे खुबवलीच्या टेकडीवर युनायटेड वर्ल्ड कॉलेजचं महिंद्र कॉलेज आहे, १९९७ पासून. तिथे जगभरातली मुलं शिकायला येतात. सुट्टी लागली की त्यांतलं एखादं माझ्याकडेही येतं. पेरूची एक मुलगी लिमाचं तिकीट विचारायला आली होती. मुंबईपासून लिमा साडेसोळा हजार किलोमीटरच्या पलीकडे. जगातली सगळ्यात लांब नियमित थेट विमानसेवा सिंगापूर ते न्यूयॉर्क आहे, १५,३०० किलोमीटर आणि जवळजवळ एकोणीस तास. लिमा त्याच्याही पुढे. तिला मी गोल फिरवून मुळशीच्या बरोबर उलट बाजूची जागा दाखवली. ती ईस्टर आयलंडच्या उत्तरेला पॅसिफिकमध्ये येते, सगळं पाणीच पाणी. ती म्हणाली, "म्हणजे मी घरी जाताना जवळजवळ जगाच्या दुसऱ्या टोकाला जाते." मग तिने सगळ्यात जास्त थांब्यांचं, सगळ्यात स्वस्त तिकीट घेतलं. विशीच्या आतल्या माणसाला दोन दिवसांचा प्रवास म्हणजे गंमत असते. तिच्या आईने मात्र प्रत्येक विमानाचा नंबर मला ईमेल करून मागून घेतला.

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान पडलं. त्यानंतर बरेच दिवस माझ्याकडे 'किती तास' कुणी विचारलं नाही. विमान कुठलं, बोईंग का एअरबस, किती जुनं, हे विचारायचे. मला जे माहीत होतं ते सांगत होते. काहींनी तिकिटं रद्द केली, त्यांना मी अडवलं नाही.

आणि हे सगळं विमानतळापासून विमानतळापर्यंतचं. प्रवाशाचा प्रवास तिथे सुरू होत नाही. आमचा सुरू होतो पिरंगुटच्या घाटाआधी. दुपारी २ चं विमान असेल तर मी पहाटे साडेपाचला निघा म्हणते. शनिवार असेल किंवा पाऊस असेल तर साडेचार. भूगाव, चांदणी चौक, वाकड, मग द्रुतगती महामार्ग. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे स्फोटाने पाडला तेव्हा वाटलं सुटलो, आणि कोंडी भूगावात सरकली. हिंजवडीतून निघणाऱ्याला तर कंपनीच्या दारापासून वाकडपर्यंत किती वेळ लागेल हे कुणीच सांगू शकत नाही. आमचे ड्रायव्हर हुशार आहेत. पौडकडची सवारी असली की ते कोळवण, तिकोनापेठ, पवनानगर करत कामशेतला निघतात आणि पुढे द्रुतगती मार्ग पकडतात. पण खंडाळ्याचा घाट सगळ्यांना एकच. त्या एका घाटातला उलटलेला कंटेनर काराकोरम, रशिया आणि जेट स्ट्रीम या तिघांपेक्षा माझ्या प्रवाशांचं जास्त नुकसान करतो.

जर्मनीला जाणाऱ्यांचं एके काळी चांगलं होतं. २००८ मध्ये लुफ्तान्साने पुण्याहून थेट फ्रँकफर्टला विमान सुरू केलं. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, अडीच किलोमीटरच्या आसपास, लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांना अपुरी. म्हणून छोटं बोईंग ७३७, त्यात फक्त बिझनेस क्लासच्या मोजक्या खुर्च्या. चाकण-पिंपरीच्या कारखान्यांचे साहेब त्यातून जायचे. माझ्या डेस्कवर त्या विमानाला मोठा मान होता. ते बंद झालं आणि साहेबही आमच्यासारखेच खंडाळ्याच्या घाटात येऊन बसले.

आता नवी मुंबईचा विमानतळ झालाय. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन, २५ डिसेंबरपासून विमानं, सुरुवात देशांतर्गत उड्डाणांनी. पिरंगुटहून बघितलं तर पनवेललाच उतरायचं, वाशीची खाडी नाही, चेंबूर नाही, अंधेरी नाही. आमच्याकडचा माणूस तिथे तासभर तरी लवकर पोचतो. त्यामुळे माझ्या टेबलावर आता नवा प्रश्न सुरू झालाय. "ताई, जुनं का नवं?" तिकिटावर मुंबई छापलेलं असलं तरी कोड दोन आहेत, बीओएम आणि एनएमआय, आणि पहाटे झोपेत गाडीत बसलेल्या माणसाला ते कोड दिसत नाहीत. म्हणून छापून दिलेल्या प्रत्येक तिकिटावर मी जाड लाल पेनने 'सहार' किंवा 'पनवेल' लिहिते, आणि ड्रायव्हरला तो कागद गाडी सुरू करायच्या आधी दाखवा, कळंबोली आल्यावर नको, असं बजावून पाठवते.